हाऊसिंग कोणतं, स्ट्रोब कोणता: कराडच्या एका डायव्हरला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो. अंदमानातल्या हॅवलॉकला ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स झाला, नंतर मालवण आणि कर्नाटकातलं नेत्राणी बेट धरून चौदा डाइव्ह झाल्या. गोप्रोवर काढलेलं सगळं निळं-हिरवं येतं. घरी सोनीचा ए६४०० हा मिररलेस कॅमेरा पडून आहे, सोबत आलेल्या १६-५० च्या किट लेन्ससकट. त्याला हाऊसिंग, म्हणजे पाणी आत न येणारी पेटी घ्यायची, बाजारातला सगळ्यात ताकदवान स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश जोडायचा आणि डिसेंबरात मालवणला जायचं, असा तुमचा बेत. हाऊसिंग कोणतं आणि स्ट्रोब कोणता, एवढंच विचारलंय.

मी सांगलीत फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नसराईतून सवड मिळाली की पाण्यात जातो, पंधरा वर्षं झाली. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमची अडचण हाऊसिंगची नाही. फोटो निळे येतात ही अडचण आहे, आणि ते कॅमेऱ्यामुळे येत नाहीत, मधल्या पाण्यामुळे येतात. हा हिशोब आधी डोक्यात बसला तर पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरतं. म्हणून खरेदीकडे जरा वळसा घेऊन येतो.

पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. पाच-सहा मीटरवर लाल जवळजवळ संपतो, मग नारिंगी जातो, मग पिवळा. अठरा मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. मला दिसलंय, नेत्राणीला एका कातळावरच्या शिंपल्यानं हात सोलला होता तेव्हा. स्ट्रोब घेऊन जातो म्हणजे आपण पांढरा उजेड सोबत नेतो. पण तोही पाण्यातूनच जातो आणि जाऊन परत येतो. मासा दोन मीटरवर असेल तर उजेडाचा प्रवास चार मीटरचा. अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा चार मीटरमध्ये लाल उजेडाचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. तोच मासा अर्ध्या मीटरवर असेल तर प्रवास एक मीटरचा, आणि सत्तर टक्के लाल शिल्लक.

हे झालं रंगाचं. उजेडाच्या ताकदीचं गणित याहून कडक आहे. अंतर चौपट झालं की उजेड सोळावा हिस्सा होतो, म्हणजे चार स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). दुप्पट ताकदीचा स्ट्रोब विकत घेतलात तर मिळतो एक स्टॉप. अंतर निम्मं केलंत तर दोन स्टॉप फुकट मिळतात, वर रंगही मिळतो. त्यामुळे 'सगळ्यात पॉवरफुल कोणता' हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. तुम्ही माशाच्या किती जवळ जाऊ शकता, आणि तुमचा कॅमेरा तिथून फोकस करू शकतो का, हे बघायचं.

दुसरी गोष्ट गढूळपणा. मालवणचं पाणी तुम्ही पाहिलंय. देवबागच्या अंगाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तळाशी बारीक वाळू आणि गाळ, जरा लाट आली की सगळं वर. पाच मीटर दिसलं तर चांगला दिवस म्हणायचं. पावसाळ्यात पसरणी घाट चढताना धुक्यात हेडलाईटचा अप्पर मारून बघा, समोर पांढरी भिंत उभी राहते, रस्ता दिसतो त्याहून कमी दिसायला लागतो. पाण्यातल्या कणांवर स्ट्रोब पडला की तेच होतं. फोटोभर पांढरे ठिपके येतात, त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. इथे जास्त ताकदीचा स्ट्रोब म्हणजे जास्त अप्पर. उपाय दोनच. मधलं पाणी कमी करायचं, आणि उजेड लेन्सच्या शेजारून न टाकता बाजूनं टाकायचा, म्हणजे लेन्ससमोरचे कण अंधारात राहतात.

आता कॅमेऱ्याकडे येतो. इथे बरंच काही तुमच्यावर अवलंबून आहे, ते आधीच कबूल करतो. तुम्ही दरवर्षी अंदमानला आठवडाभर जाणार असाल, मोठे रीफ, माशांचे थवे, सोबतचा डायव्हर आणि मागे निळं पाणी असं सगळं एका फ्रेममध्ये हवं असेल, तर ए६४०० हाऊसिंगमध्ये घालण्यात अर्थ आहे. पण तुमच्या चौदापैकी नऊ डाइव्ह मालवणच्या आहेत, आणि कराडहून तेच जवळ असल्यामुळे पुढेही तसंच चालणार. मालवणात फोटो मिळतात ते छोट्या गोष्टींचे: कातळावरच्या रंगीत समुद्री गोगलगाई, कपारीतून डोकं काढलेला मोरे ईल हा सापासारखा मासा, बोटाएवढा खेकडा. हे सगळं हातभर अंतरावरून, किंवा त्याहून जवळून.

आणि इथे तुमची किट लेन्स नेमकी अडते. ती पाव मीटरच्या आत फोकस करत नाही, म्हणजे गोगलगाय फ्रेमच्या एका कोपऱ्यात ठिपक्याएवढी. वाईडलाही, म्हणजे रुंद दृश्यालाही उपयोगाची नाही, कारण सपाट काचेच्या पोर्टमागे, म्हणजे हाऊसिंगच्या लेन्ससमोरच्या खिडकीमागे, पाण्याच्या वक्रीभवनामुळे सगळं तिसऱ्या हिश्श्यानं मोठं दिसतं आणि १६ मिलिमीटरची लेन्स जवळपास २१ सारखी वागते. जमिनीवर जी रुंदी दिसते ती पाण्यात मिळत नाही. ती परत मिळवायला गोल काचेचा डोम पोर्ट लागतो. मॅक्रो, म्हणजे छोट्या गोष्टी अगदी जवळून मोठ्या काढणं, हवं तर मॅक्रो लेन्स आणि तिचा वेगळा पोर्ट, नाहीतर पाण्याखाली बाहेरून लावायची क्लोजअप लेन्स. मिररलेसच्या हाऊसिंगचा खर्च असा हप्त्याहप्त्यानं उघडा पडतो. अॅल्युमिनियमचं हाऊसिंग कॅमेऱ्यापेक्षा महाग, पोर्ट वेगळा, झूम फिरवायची रिंग वेगळी. पॉलिकार्बोनेटची स्वस्त हाऊसिंग ए६००० मालिकेसाठी मिळतात, सीफ्रॉग्जची बरेच जण वापरतात. वाईट नाहीत. पण लेन्सचा प्रश्न तिथेही तोच.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर सोनी जमिनीवरच ठेवला असता, आणि ऑलिंपसच्या टीजी घराण्यातला कॅमेरा घेतला असता. आता ते ओएम सिस्टिम नावानं येतात. टीजी-७ नवा आहे, पण टीजी-६ चांगल्या अवस्थेत जुना मिळाला तरी चालेल. दोन्हींना पीटी-०५९ हेच हाऊसिंग बसतं, ४५ मीटरपर्यंतचं. या कॅमेऱ्याची खुबी म्हणजे मायक्रोस्कोप मोड, लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो. पाणी कमी करायचं म्हणतो ते हेच.

त्याच्या खोडीही सांगतो. सेन्सर छोटा, १२ मेगापिक्सेल. पूर्ण मॅन्युअल मोड नाही, शटर स्पीड तुमच्या हातात नाही, त्यामुळे मागचं निळं पाणी गडद करायचं की फिकं हे मनासारखं ठरवता येत नाही. अंदमानातला मोठा रीफ त्यावर काढून भिंतीवर लावायचा असेल तर हिरमोड होईल. मधला मार्ग म्हणून सोनीची आरएक्स१०० मालिका आहे, तिला पूर्ण मॅन्युअल आहे. पण मॅक्रोला बाहेरून क्लोजअप लेन्स लावावी लागते आणि हाऊसिंगसकट खर्च जवळपास दुप्पट होतो. माझ्याकडे आधी तीच होती. तिचं काय झालं ते पुढे येतं.

एक मोह आधीच सांगून ठेवतो. टीजी हाऊसिंगशिवायही १५ मीटरपर्यंत जातो असं डब्यावर लिहिलंय, आणि मालवणात आपण दहा-बारा मीटरच्या खाली क्वचितच जातो. मग हाऊसिंग कशाला? कारण ते १५ मीटर म्हणजे बॅटरीच्या झाकणाच्या बारीक रबरावर विसंबणं, आणि त्या रबरावर वाळूचा एक कण बसला की संपलं. शिवाय स्ट्रोबची फायबर केबल अडकवायची कुठे? हाऊसिंग घ्या. मग दोन भिंती होतात, बाहेरची गळली तरी आतला कॅमेरा बहुतेक वाचतो. टीजीचा हा मोठा फायदा आहे, मिररलेसला ही सोय नाही.

आता पैसे कुठे घालायचे ते. हाऊसिंग एका मॉडेलपुरतं असतं. कॅमेरा बदलला, बटण चार मिलिमीटर सरकलं, की हाऊसिंग शोकेसमध्ये. स्ट्रोबचं तसं नाही. माझा इनॉन कंपनीचा एक स्ट्रोब तीन कॅमेऱ्यांबरोबर फिरलाय. तो धरणारे आर्म, क्लॅम्प, ट्रे हेही पुढच्या कॅमेऱ्याला तसेच लागतात. म्हणून नवख्या माणसानं हाऊसिंगमध्ये काटकसर करावी आणि स्ट्रोब-आर्ममध्ये करू नये. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, तुम्हीही तेच करायला निघाला होतात.

स्ट्रोब घेताना मी काय बघतो? पेन्सिल सेल चालतात का, फायबर केबलवर चालतो का, ताकद कमी-जास्त करायची फिरकी हातमोजा घालून फिरते का, फोकससाठी छोटा दिवा आहे का, आणि दोन फ्लॅशमध्ये किती वेळ जातो. खोक्यावरचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, हवेतला असतो, पाण्यात तो निम्म्याहून खाली येतो, त्यामुळे त्यावर भाळू नका. इनॉनचा एस-२२० तुमच्या कामाला पुरेसा आहे. लहान आहे, हातात जड लागत नाही. पुढे वाईड करणार हे नक्की असेल तर झेड-३३० किंवा सी अँड सीचा वायएस-डी३ या वर्गातला घ्या. पण एकच घ्या. दुसरा स्ट्रोब पुढच्या वर्षी. चौदा डाइव्ह झालेल्या माणसानं दोन आर्म हलवत बसायचं म्हणजे श्वास, खोली, बडी (सोबतचा डायव्हर) आणि प्रवाळ या चारही गोष्टींकडे दुर्लक्ष होणार.

हाऊसिंगला ट्रे लागेल, एका बाजूला हँडल, त्यावर दोन तुकड्यांचा आर्म, एक इंची बॉल आणि क्लॅम्पचा. लवचिक, गूजनेकसारखे आर्म स्वस्त मिळतात, ते नको. बोटीवरून उडी मारली की वाकतात आणि खाली गेल्यावर स्ट्रोब कुठल्या दिशेला आहे ते बघत बसावं लागतं. मॅक्रोसाठी स्ट्रोब पोर्टच्या जवळ, वर किंवा बाजूला, जरासा आत वळवलेला. वाईडसाठी लांब बाहेर, पोर्टच्या रेषेच्या मागे, तोंड किंचित बाहेर. अंदाज असा धरा, की विषय जितका लांब, साधारण तितका स्ट्रोब लेन्सपासून बाजूला.

कॅमेरा आणि स्ट्रोबचं बोलणं फायबर केबलमधून होतं. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश हाऊसिंगच्या आत चमकतो, तो उजेड केबलमधून बाहेरच्या स्ट्रोबला कळतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश नेहमी चालू, म्हणजे फिल-इन वर ठेवायचा, ऑटोवर नाही. ए६४०० घेणार असाल तर त्याचा वर उघडणारा फ्लॅश हाऊसिंगच्या आत उघडतो का, हे विकत घेण्याआधी बघा. आणि नवख्यांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट: कॅमेरा खऱ्या फ्लॅशच्या आधी एक प्री-फ्लॅश मारतो. स्ट्रोबला ते सांगितलेलं नसेल तर तो त्या पहिल्यावरच सुटतो, आणि खरा फोटो काळा येतो. मग माणूस म्हणतो स्ट्रोब बिघडला. स्ट्रोबवर त्यासाठी बटण किंवा निवड असते, ती घरीच लावून ठेवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग जुळवायची सेटिंग, पाण्याखालच्या मोडवर ठेवू नका. तो स्ट्रोबशिवायच्या फोटोंसाठी असतो, स्ट्रोब लावला की सगळं गुलाबी येतं. ऑटो ठेवा आणि रॉ फाईल घ्या, म्हणजे रंग नंतर सुधारता येतात.

हे सगळं कराडात बसून शिकता येतं, आणि तिथेच शिकायला हवं, कारण डाइव्ह पन्नास मिनिटांची असते आणि ती सेटिंग शोधण्यात घालवायची नसते. कपडे धुवायचा मोठा टब घ्या. त्यात तळाशी एक लाल मिरची आणि एक कांदा ठेवा, दोन्हींना दोरीनं खडा बांधा म्हणजे तरंगणार नाहीत. पाण्यात अर्धा चमचा दूध घाला, बस. झालं मालवण. आता खोलीतला दिवा बंद करून हाऊसिंग टबात बुडवा आणि मिरचीचे फोटो काढा, एकदा स्ट्रोब लेन्सला चिकटवून, एकदा वीतभर बाजूला नेऊन. पहिल्या फोटोत दुधाचं धुकं दिसेल, दुसऱ्यात मिरची. मी हे स्टुडिओतल्या पोरांना करून दाखवलं तेव्हा एकानं विचारलं, 'सर, मिरचीचं पोस्टर छापायचंय का?' छापण्यासारखा फोटो आला होता खरा. स्ट्रोब हवेत ठेवून मात्र सारखा उडवत बसू नका, तापतो.

आता हाऊसिंग गळतं का ते बघण्याबद्दल. नवं असो वा जुनं, पहिल्यांदा कॅमेरा न घालता रिकामं बुडवायचं. तुम्हाला स्विमिंग पूल मिळेल, पण पूल दीड-दोन मीटरचा. आपल्याकडे त्याहून चांगली सोय आहे, विहीर. तासगावच्या पुढे मामांच्या द्राक्षबागेत विहीर आहे, पावसाळ्यानंतर सात परस पाणी असतं, म्हणजे बारा मीटरच्या आसपास. मी प्रत्येक हाऊसिंग तिथे उतरवतो. आत कोरडा टिश्यू पेपर घडी करून ठेवायचा, बंद करायचं. रिकामं हाऊसिंग तरंगतं, म्हणून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत दोन विटा चिंध्यांत गुंडाळून घालायच्या, मध्ये हाऊसिंग, आणि पिशवीला नायलॉनची दोरी. दोरीला दर मीटरला गाठ मारलेली. मोटार बंद आहे याची आधी खात्री करा.

पहिल्या दोन गाठी सोडल्या की थांबायचं. बहुतेक गळती या पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच होते, कारण खोल गेल्यावर पाण्याचा दाबच ओ-रिंगला, म्हणजे झाकणाच्या रबरी कडीला, तिच्या खाचेत आणखी घट्ट बसवतो. वर मात्र दाब कमी, आणि रबर नीट बसलं नसेल तर पाणी इथेच शिरतं. दोन मिनिटं पृष्ठभागाकडे बघत बसायचं. सुरुवातीला विटांमधले आणि चिंध्यांमधले बुडबुडे येतात, ते थांबतात. नंतरही एका जागेवरून बारीक माळ येत राहिली तर ओढून घ्यायचं. नाही आली तर तळापर्यंत सोडून अर्धा तास चहा प्यायला जायचं. मामी चहा करते तोवर दोरी आंब्याला बांधलेली.

वर काढल्यावर घाई करू नका. बाहेरून पूर्ण पुसा, मग झाकण खालच्या बाजूला येईल असं धरून उघडा. नाहीतर खाचेत अडकलेले थेंब आत पडतात आणि हाऊसिंग गळलं म्हणून माणूस रडत बसतो. टिश्यू कोरडा असेल तर पास. आपल्या भागातलं विहिरीचं पाणी क्षाराचं असतं, पोर्टच्या काचेवर वाळून पांढरे डाग बसतात, म्हणून शेवटी घरच्या फिल्टरच्या पाण्यानं धुऊन मऊ कापडानं पुसा.

एवढं सगळं करूनही माझा एक कॅमेरा बुडालाय, आणि दोष पूर्ण माझा होता. नेत्राणीला, सकाळची दुसरी डाइव्ह. पहिल्या डाइव्हनंतर बोटीवरच हाऊसिंग उघडलं, बॅटरी बदलली, धुकं येऊ नये म्हणून सिलिका जेलची छोटी पुडी आत सरकवली आणि बंद केलं. बोट हलत होती, हात ओले, सगळे उडी मारायला तयार. पुडीचा कोपरा झाकणाखाली चिमटला गेला. दिसायला काय, नखाएवढा पांढरा कागद. बारा मीटरवर गेल्यावर बघितलं तर पोर्टमध्ये अर्धी वाटी पाणी डुलत होतं, आणि स्क्रीनवर रंगीत पट्ट्या. तीच आरएक्स१००. कॅमेरा गेला, कार्ड गोड्या पाण्यात धुऊन वाळवल्यावर चाललं. त्या कार्डावर पहिल्या डाइव्हचे सगळे फोटो शाबूत होते. त्या क्षणी झपकन वर यावंसं वाटतं, पण ते करायचं नाही. भिजलेला कॅमेरा दोन मिनिटांनी जास्त भिजत नाही. नेहमीच्या वेगानं या, सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना मध्ये घ्यायचा थांबा, करा.

तेव्हापासून माझे नियम बदलले. हाऊसिंग बोटीवर उघडायचं नाही. आदल्या रात्री खोलीत, कोरड्या हातांनी, एसी लावून बंद करायचं. एसीतली हवा कोरडी असते, ती आत राहिली की काचेला आतून धुकं येत नाही. कोकणातल्या सकाळच्या दमट हवेत बंद केलंत आणि वर ते बोटीवर उन्हात ठेवलंत, तर पाण्यात गेल्या गेल्या पोर्ट पांढरं होणार. ओल्या टॉवेलखाली सावलीत ठेवा. सिलिकाची पुडी आता मी आत चिकटवूनच टाकतो. ओ-रिंग बोटानं काढायची, टोकदार वस्तूनं नाही, कारण खाच ओरखडली तर नवी रिंग घालूनही उपयोग नाही. बोटांच्या चिमटीतून सगळी फिरवायची, डोळ्यांना न दिसणारा कण बोटाला लागतो. ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, चमक येईल इतकंच. ग्रीस पाणी अडवत नाही, ते फक्त रबर सरकतं ठेवतं. थापून लावलं तर उलट वाळू आणि केस धरून ठेवतं. हाऊसिंगबरोबर आलेलंच ग्रीस वापरा, दुसरं लागलं तर रबर फुगू शकतं. शेवटची तपासणी सगळ्यात सोपी. पॉलिकार्बोनेटचं हाऊसिंग पारदर्शक असतं, बंद केल्यावर दाबलेली ओ-रिंग बाहेरून सलग गडद रेघ म्हणून दिसते. ती रेघ चारही बाजूंनी बॅटरी मारून बघा. कुठे तुटली, फिकी झाली, की उघडा.

जादा ओ-रिंग हाऊसिंगबरोबरच विकत घ्या, दोन. हे सामान सांगली-साताऱ्यात हातात घेऊन बघायला मिळत नाही, आणि आयत्या वेळी मालवणात तुमच्या मॉडेलची रिंग मिळण्याची आशा धरू नका. आपण समुद्रापासून लांब राहतो याचा खरा त्रास हाच आहे. मालवणचा माणूस रोज हाऊसिंग हाताळतो, आपलं ते वर्षातले अकरा महिने कपाटात. ठेवताना झाकण लॅच न करता नुसतं टेकवून ठेवा, म्हणजे रबर दबून चपटं होत नाही. स्ट्रोबमधून सेल काढा. अल्कलाइन सेल आत राहून फुटले की संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवा-पांढरा चुरा बसतो, तो मी दोनदा व्हिनेगरनं घासून काढलाय. एनेलूपसारखे रिचार्जेबल घ्या, चारचे दोन संच, आणि संचांवर मार्करनं 'अ' आणि 'ब' लिहा. संचातला एक सेल नवा आणि तीन जुने अशी भेसळ केली की स्ट्रोब मध्येच दमतो. अंदमानला विमानानं जाताना हाऊसिंग आणि स्ट्रोबचं झाकण सैल ठेवा, आणि कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत.

गोप्रो विकू नका. तो स्ट्रोब उडवू शकत नाही, पण पुढे कधी व्हिडिओ लाईट घेतलात तर जवळून बरा चालतो, आणि उथळ पाण्यात उन्हात लाल फिल्टर लावूनही. स्ट्रोबच्या जागी मात्र व्हिडिओ लाईट घेऊ नका. क्षणभराचा फ्लॅश हलता मासा गोठवतो, सततच्या लाईटनं तेवढा उजेड मिळवायला फार मोठा लाईट लागतो, आणि कपारीतला मोरे ईल तो डोळ्यांवर आला की आत जातो.

राहता राहिला डिसेंबर. चौदा डाइव्हवर कॅमेरा नेऊ नये असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या दिवसाची पहिली डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा. ट्रे, आर्म, स्ट्रोब धरून तुमचं वजन आणि तोल बदलणार आहे, एक-दोन वजनं कमी-जास्त करावी लागतील, इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा. फोटोसाठी एक हात कॅमेऱ्यावर आणि दुसरा टेकायला प्रवाळावर, हे सगळ्यात जास्त दिसतं. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आणि कायदा नसता तरी इतक्या हळू वाढणाऱ्या फांदीवर कोपर टेकवायचं नसतं. टेकल्याशिवाय स्थिर राहता येत नसेल तर तो फोटो सोडा, पुढच्या कपारीत दुसरी गोगलगाय असते.

म्हणजे यादी अशी: टीजी-७ किंवा जुना टीजी-६, पीटी-०५९, ट्रे आणि दोन तुकड्यांचा आर्म, एस-२२०, फायबर केबल, दोन ओ-रिंग, आठ सेल. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळं हातात यायला हवं, बाहेरून मागवलंत तर कस्टम ड्यूटी आणि आठ-पंधरा दिवस जास्तीचे धरा. सामान आलं की कराडहून तासगाव काही लांब नाही, एखाद्या रविवारी घेऊन या. दोरी आणि कांद्याची पिशवी माझ्याकडे आहे, टिश्यू पेपर तुम्ही आणा. फक्त येण्याआधी फोन करा, ऑक्टोबर छाटणीनंतर मामांची फवारणी चालू असते, तेव्हा मोटार सारखी लागते आणि विहिरीत काही सोडू देत नाहीत.